ठमाबाईचं गाऱ्हाणं

प्रसाद घ्यायला कोणाचा हात पुढे आला नाही, तेव्हा बुधाजीला कळलं.

गावदेवीच्या देवळातून तो नुकताच बाहेर पडला होता. फोडलेल्या नारळाचे तुकडे त्याने ओंजळीत धरले होते. समोर पाण्याच्या पंपाजवळ माणसं उभी होती. शेजारचा कृष्णकांत होता, भावकीतली दोघंतिघं होती, आणि थोडा बाजूला बुधाजीचा मुलगा परेश होता. बुधाजीला वाटलं, पाण्यावरून काहीतरी झालं असेल. त्यांच्या विचुंबे गावात टॉवर उभे राहिल्यापासून पाण्यावरून माणसं जमायचीच. तो सरळ कृष्णकांतकडे गेला आणि खोबऱ्याचा तुकडा पुढे केला.

"घे किसन्या. आज मनासारखं बोललो देवीशी."

कृष्णकांतने हात मागे बांधले. तो खोबऱ्याकडे बघत राहिला, बुधाजीकडे त्याने पाहिलं नाही.

गावात प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. बांधावरून कोर्टात गेलेली माणसंसुद्धा एकमेकांच्या हातचा प्रसाद घेतात, कपाळाला लावतात आणि मग तोंड फिरवतात. नाही म्हणायचं कारण एकच असतं. देणाऱ्याच्या घरात सुतक असतं.

बुधाजीने परेशकडे पाहिलं. परेश अनवाणी होता.

"बाबा," परेश म्हणाला, "आई गेली."

"आता?"

कृष्णकांतच म्हणाला, "तू आत गेलास ना, तेवढ्यातच निशा सूनबाईचा फोन आला हॉस्पिटलातून. परेश डबा न्यायला घरी आला होता, तसाच धावत इथं आला."

"मग मला हाक नाय मारली?"

"कशी मारणार बुधा? तू आत होतास. देवीसमोर."

बुधाजीला ते पटायला हवं होतं. रीत त्यालाही माहीत होती. मरणाची बातमी देवळाच्या उंबऱ्याच्या आत न्यायची नाही. आत उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या घरचं सुतक सांगितलं, तर देऊळ विटाळतं. मग ते धुवून काढा, देवी उठवा, पुन्हा बसवा. त्यामुळे पुजारी काशिरामने दारातूनच हाताने खूण केली होती, थांबा, त्याचं होऊ द्या. आणि सगळी थांबली होती. बुधाजी आत बायकोचा जीव मागत होता आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती गेल्याचं माहीत होतं.

तो आत फार वेळ होता. एवढा वेळ तो जन्मात कधी देवासमोर उभा राहिला नव्हता.

त्याच्या घरी देवाशी बोलायचं काम ठमाबाईचं होतं. तिच्याआधी ते तिच्या सासूचं होतं. बुधाजीने नारळ आणायचा, सोलायचा, फोडायचा. बाकीचं ती बघायची. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की ती देव्हाऱ्यासमोर पाटावर बसून गाऱ्हाणं घालायची. मोठ्याने, शेजारणीशी बोलावं तशी. बुधाजी ओट्यावर बसून ऐकायचा.

"आई गो, तू जागेवर बसलीस, आमी तुझ्या जिवावर फिरतो. परेशची गाडी हायवेला असते, तिच्यावर नजर ठेव. निशाला माहेरची आठवण येते, ती बोलत नाय पण मला कळतं. स्नेहलच्या दाताला कीड लागली, तिला चॉकलेट देतो तो तिचा आजा. त्याला अक्कल दे. तोंडाचा फटकळ हाय, मनाचा नाय. त्याचं मनावर घेऊ नको."

"गाऱ्हाणं घालतेस का माझी चुगली करतेस?" बुधाजी बाहेरून ओरडायचा.

"बघ, ऐकलंस ना?" ती देवीला म्हणायची. "मी काय खोटं सांगते?"

असा संसार गेला. देवाशी आपणही कधी बोलावं असं बुधाजीला वाटलं नाही. घरातलं एक माणूस रोज बोलतंय, सगळ्यांची नावं घेतंय, मग आपण वेगळं काय सांगायचं? पनवेलच्या बाजारात ती मासळी आणायला गेली की तो घरीच राहायचा. तसंच ते.

मग भाद्रपदात ठमाबाईला ताप आला. साधा ताप म्हणून गोळ्या घेतल्या. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. पनवेलला हॉस्पिटलात ठेवलं. प्लेटलेट खाली गेल्या, थोड्या वर आल्या. त्या दिवशी सकाळी तिने दोन घास पेज खाल्ली आणि बुधाजीला म्हणाली, "दिवा लावला का नाय घरी? कोण बोलतंय देवीशी?"

"कोण नाय," बुधाजी म्हणाला.

"मग तुमी बोला. तोंड हाय ना येवढं मोठं?"

म्हणून तो देवळात गेला होता. आत जाऊन उभा राहिला तेव्हा त्याला काही सुचेना. मग तो म्हणाला, "मीच तो. ती तुला सांगते ना रोज, तो फटकळ." आणि तिथून त्याची जीभ सुटली. ठमा कशी घरात आली, पहिल्या पावसाळ्यात घराचं कौल उडालं तेव्हा ती कशी हसत बसली, मिठागरात काम करून तिच्या पायांना कशा भेगा पडल्या, सगळं सांगितलं. रडला. स्वतःला रडताना ऐकून त्याला लाजही वाटली नाही. बोलताबोलता त्याला असं वाटायला लागलं की समोर कोणीतरी नीट ऐकतंय. मान हलवतंय. तो हलका होऊन बाहेर पडला.

ते हलकं होणं त्याला नंतर सहन होईना.

ती मेलेली होती आणि आपण हलके झालो होतो. बाहेरच्या माणसांचं त्याला काही वाटत नव्हतं. माणसं रीतीने वागली. पण आत देवी होती, तिला तर सगळं ठाऊक होतं. तिने आपल्याला बोलू दिलं. येवढं सगळं बोलू दिलं. कोणी वेड्याला बोलू देतं, तसं.

तेराव्यानंतर निशाने देव्हाऱ्यात दिवा लावायला सुरुवात केली. ती गप्प हात जोडायची आणि उठायची. तिच्या माहेरी, गव्हाणला, आरती म्हणायचे. असं मोठ्याने बोलायची सवय तिला नव्हती. संध्याकाळी घर एकदम गप्प व्हायचं. रस्त्यापलीकडच्या टॉवरमधला कुठल्यातरी घरचा टीव्ही ऐकू यायचा. बुधाजीला ती वेळ घरात काढवेना. त्या वेळेला तो मागच्या जमिनीच्या तुकड्यात जाऊन बसायचा. सगळी शेतं बिल्डरकडे गेली होती, हा एक तुकडा दोन इमारतींच्या कुंपणांमध्ये राहिला होता. त्यात ठमाबाई दरवर्षी वाल लावायची. यंदा बुधाजीने लावले. उगवले, वर आले. तो त्यांच्यात बसून राहायचा आणि घरात दिवा लावून झाला असेल असं वाटलं की परत यायचा.

परेशशी तो कामापुरता बोलायचा. "जेवलास का?" "गाडीत डिझेल हाय?" परेशही तेवढंच उत्तर द्यायचा. पंपाजवळ अनवाणी उभा असलेला परेश बुधाजीच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. पोटचा पोर. आई गेली हे पोटात ठेवून तो बाहेर उभा राहिला आणि बापाला आत बोलू दिलं. कृष्णकांत परका होता. परेशने तरी रीत मोडायची होती.

कृष्णकांत अधूनमधून ओट्यावर येऊन बसायचा.

"देवळात येत नायस तू."

"काय काम हाय तिथं?"

"काशिराम विचारत होता."

"त्याला सांग, मी आता नुसता नारळ फोडणारा माणूस हाय. बोलणारी गेली."

कृष्णकांत तंबाखू मळत बसायचा.

दिवाळी झाली. त्यांच्या घरी नव्हती, बाकी गावात होती. मग एका सकाळी स्नेहल शाळेत जाताना दारातच बसली आणि म्हणाली, "आजा, माझे डोळे दुखतात."

बुधाजीने कपाळाला हात लावला आणि तसाच उभा राहिला. निशा आतून डबा घेऊन आली, तिने सासऱ्याचा चेहरा पाहिला आणि डबा खाली ठेवला. दोघांच्याही मनात एकच शब्द होता.

तोच निघाला. हॉस्पिटलही तेच, आधीचं. जिना तोच. मजला मात्र मुलांचा, भिंतीवर ससे काढलेले. पहिले दिवस ठीक गेले. मग ताप उतरला आणि डॉक्टर म्हणाले, आता जपायचं, ताप उतरल्यावरच खरं जपायचं असतं. ठमाबाईच्या वेळीही ते असंच म्हणाले होते. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला, प्लेटलेट आणखी खाली. स्नेहलच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. परेश रक्तपेढीत धावला.

निशा खोलीबाहेर आली आणि बाकावर बुधाजीशेजारी बसली. सासऱ्याशेजारी ती अशी कधी बसत नसे.

"बाबा," ती म्हणाली, "आईंचं गाऱ्हाणं तुमाला येतं ना?"

"नाय."

"रोज ऐकत होता तुमी."

"ऐकणं येगळं."

"मला जमत नाही हो. हात जोडले की नुसतं रडू येतं, शब्द येत नाहीत. मी देवीला ओटी बोललेय. पोर घरी आली की जाऊन ओटी भरीन. पण आई म्हणायच्या, नुसतं बोलून ठेवायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घातलं पाहिजे. आता मोठे तुमीच आहात."

"निशा," बुधाजी म्हणाला, "मी बोललो की काय होतं ते बघितलंस ना?"

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुमी बोललात म्हणून आई गेल्या?"

"म्हणून नाय. बोललो तरी गेली."

"मग न बोलून कोण राहणार आहे?"

ती हे रागाने म्हणाली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. आतून स्नेहलची हाक आली तशी ती उठून गेली.

बुधाजी जिना उतरून खाली आला. फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथे परेश उभा होता. प्लेटलेटची पिशवी मिळाली होती, वर पाठवली होती, आता नुसती वाट बघायची होती. त्याने बापासाठीही एक चहा सांगितला. दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. समोरून रिक्षा जात होत्या.

"परेश," बुधाजी म्हणाला, "त्या दिवशी तू मला हाक का नाय मारलीस?"

परेशने ग्लास हातातल्या हातात फिरवला.

"काशिरामकाकाने हात केला."

"ते माहीत हाय. तू का नाय मारलीस?"

"खरं सांगू?"

"मग काय खोटं ऐकायला विचारतो मी?"

"मला बरं वाटलं," परेश म्हणाला. "काकाने थांब म्हटलं ते बरं वाटलं. तेवढा वेळ मला सांगायला लागणार नव्हतं. आणि तुमी आत बोलत होता ते बाहेर ऐकू येत होतं, बाबा. कौल उडालं तेव्हाची गोष्ट सांगितलीत ना? ती मला माहीतच नव्हती. किसनकाका हसला. मग तोंडाला रुमाल लावला त्याने. मी उभा राहून ऐकत होतो. मला वाटलं, हे बोलतायत तोवर... काय माहीत. फोन चुकीचा पण असेल. येवढं बोलतायत तर देवी काहीतरी करेल."

"गेलेलं माणूस परत आणील?"

"मला त्या वेळी वाटलं."

बुधाजीने चहा संपवला नव्हता, तो तसाच ठेवला. त्याला एवढंच कळत होतं की त्या दिवशी आत जे चाललं होतं ते त्याचं एकट्याचं नव्हतं. बाहेर त्याचा मुलगाही तेच मागत होता, ती गेल्याचं माहीत असून मागत होता. हे कळून राग गेला असं झालं नाही. तो राग नुसता जागा बदलून बसला.

"जा वर," तो परेशला म्हणाला. "निशा एकटी हाय."

परेश गेला. बुधाजी फाटकाच्या आतल्या कट्ट्यावर, जिथे माणसं चपला काढतात तिथे, बसला. समोर देव नव्हता. होती ती चपलांची रांग आणि वॉचमनची खुर्ची. संध्याकाळ होत आली होती. घरी कोणी दिवा लावायला नव्हतं.

तो बोलायला लागला.

"आई गो, मीच हाय. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. आजही नाय. पण पोर वर हाय. स्नेहल. तिच्या दाताला कीड हाय, ती मी लावली. माझ्याकडून तिला आलं ते येवढंच, बाकी सगळी तिच्या आजीवर गेलीय. तिला राख. तू मागच्या वेळी ऐकलंस का नाय मला माहीत नाय. ऐकून नाय केलंस, का ऐकलंच नाय, ते मी आता विचारत नाय. निशा रडते. तिला रडू दे, पण ह्या कारणाला नको. परेशची गाडी दोन दिवस बंद हाय, त्याचं काय ते बघ. आणि..."

इथे तो अडकला. ठमाबाई नावं घेत जायची तीच रांग त्याच्या तोंडात आली होती. परेश, निशा, स्नेहल, आणि शेवटी तो स्वतः. एवढ्या वर्षांत तिने स्वतःचं नाव कधी घेतलं नव्हतं, हे त्याला आता बोलताना कळलं. ओट्यावर बसून रोज ऐकलं, पण कळलं नव्हतं. तिच्यासाठी बोलायचं काम त्याचं होतं, आणि ते त्याने एकदाच केलं, तेही उशिरा.

वॉचमन आला. "काका, कोणाशी बोलताय? बरं नाही का?"

"बरं हाय," बुधाजी म्हणाला. "घरचं बोलतोय."

वॉचमनने मान हलवली. हॉस्पिटलच्या फाटकावर असली माणसं त्याने पुष्कळ पाहिली असतील. तो खुर्ची थोडी लांब घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आकडा खाली गेला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी वर आला. डॉक्टर हसले. स्नेहलने भजी मागितली आणि सगळ्यांना रडू आलं. ती घरी आली तेव्हा शेजारच्या बायकांनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. कृष्णकांत म्हणाला, "बघ, देवीने ऐकलं!"

बुधाजी ओट्यावरून उठून मागच्या तुकड्यात गेला. वालाला शेंगा धरल्या होत्या.

पोर वाचली याचा आनंद त्याला होता, त्यात खोट नव्हती. पण पोरीसाठी ऐकलं असेल तर ठमासाठी का नाही? ठमा रोज बोलली, आयुष्यभर बोलली. मी तर चपलांपुढे बसून दोन शब्द बोललो, तेही घुश्शात. आणि हे ऐकण्याबिकण्याचं काही नसेल, पिशवी चढवली म्हणून पोर वाचली असेल, तर मग मी कोणाशी बोललो? दोन्हीकडून विचार केला तरी तो एकटाच उरत होता. हे विचारायचं कोणाला? असल्या गोष्टी तो ठमालाच विचारायचा, आणि ती म्हणायची, "तुमाला काय करायचंय नसत्या पंचायती? जेवायला या."

तरी त्या संध्याकाळी तो वेळेवर घरात आला. निशाने दिवा लावला होता. तो पाटावर बसला नाही, तो पाट तिचा होता. बाजूला जमिनीवर बसला. आणि बोलला. निशा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. स्नेहल मधेच म्हणाली, "आजा, आजी चॉकलेटचं पण सांगायची."

"ते मी सांगणार नाय," बुधाजी म्हणाला. "तिला माहीत हाय."

तेव्हापासून तो रोज बोलतो. रोज काही हलकं वाटतं असं नाही. पुष्कळदा भिंतीशी बोलल्यासारखं होतं. एखाद्या दिवशी मधेच कोणीतरी ऐकतंय असं वाटतं, आणि मग त्याला भीती वाटते, मागच्यासारखं हलकं व्हायला नको म्हणून. तो सगळ्यांची नावं घेतो. ठमाचंही घेतो, पहिल्यांदा घेतो, पण तिच्यासाठी काय मागायचं ते ठरत नाही, म्हणून नुसतं नाव घेऊन पुढे जातो.

ओटीचा विषय निशाने एकदाच काढला. बुधाजी म्हणाला, "वर्ष होऊ दे. सुतकाच्या वर्षात नको." तिला ते पटलं. तिने हिरवं लुगडं आणि खण आणून कपाटात ठेवले. मोठ्या माणसाने सोबत यायचं, देवीसमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं आणि मग तिने ओटी भरायची, असं ठरलेलं होतं.

भाद्रपदात वर्ष झालं. वर्षश्राद्ध झालं. परेशने केस काढले. त्यानंतर एकदा बुधाजी निशा आणि स्नेहलबरोबर देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेला. काशिराम दारात उभा होता, तो म्हणाला, "ये बुधा." निशाच्या हातात ताट होतं. बुधाजीने चपला काढल्या, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि मागे वळून पंपाजवळ कोणी उभं आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं. तरी त्याला वर जाववेना.

"आज नको," तो म्हणाला.

"बरं बाबा," निशा म्हणाली आणि पदराने ताट झाकलं.

तिने पुन्हा विचारलेलं नाही, आणि परेशनेही नाही. घरी गाऱ्हाणं रोज होतं. देवीची ओटी भरायची राहिली आहे.